मोटारीतील जागा आणि प्रवासाचे सुख

मोटारगाडी विकत घेण्यास निघालेला गृहस्थ विक्रेत्याच्या दालनात शिरला की प्रथम चालकाच्या जागी बसतो, स्टिअरिंगवर हात ठेवतो, मग उतरून मागे जातो, डिकी उघडून आत डोकावतो आणि ‘जागा पुष्कळ आहे’ असा निर्वाळा देतो. मागच्या आसनावर तो क्वचितच बसून पाहतो. बसलाच तर दोन मिनिटांहून अधिक नाही. वस्तुतः पुढील आठ-दहा वर्षे त्या मागच्या आसनावरून प्रवास करावयाचा असतो तो त्याच्या वृद्ध मातापित्यांना, पत्नीला आणि मुलांना. संधिवाताने आखडलेले गुडघे, प्रसूतीसाठी माहेरी निघालेली मुलगी, इस्पितळातून घरी परतणारा रुग्ण यांचा विचार त्या दालनात सहसा कोणाच्या मनात येत नाही. गाडीतील जागा ही मोजपट्टीने मोजता येते, सुख मात्र तसे मोजता येत नाही, आणि यामुळेच पहिल्या गोष्टीवरून दुसरीचे अनुमान काढण्याची चूक होते. ही चूक सर्वांत अधिक होते ती सेडान आणि वॅगन या दोन घाटांच्या गाड्यांची तुलना करताना.

सेडान म्हणजे तीन पेट्यांची गाडी. पुढे एंजिनाची पेटी, मधे माणसांची आणि मागे सामानाची. वॅगनमध्ये छत सरळ मागच्या टोकापर्यंत गेलेले असते आणि तेथे एक रुंद दार असते. त्यामुळे माणसे आणि सामान एकाच दालनात राहतात. दोन्ही नावांमागे त्यांचा स्वभाव दडलेला आहे. सतराव्या शतकात युरोपातील नगरांतून दोन भोई दांड्यांवर उचलून नेत असत त्या बंद खुर्चीला ‘सेडान’ म्हणत. आपल्याकडील मेण्याची ती सख्खी बहीणच होय. मेण्यात माणूस बसे, त्याचे गाठोडे मेण्यात नसे. उलट अमेरिकेत रेल्वे स्थानकावर उतरलेले पाहुणे आणि त्यांच्या ट्रंका यांना एकाच खेपेत मुक्कामी पोहोचविणाऱ्या लाकडी सांगाड्याच्या मोटारींना ‘स्टेशन वॅगन’ हे नाव पडले. मराठी कानाला मात्र वॅगन म्हटले की मालगाडीचा डबाच आठवतो.

या दोन घाटांची तुलना न्याय्य व्हावयाची तर गाडी एकच असून केवळ तिचा मागचा भाग निराळा असावा लागतो. लहान मोटारीच्या बाबतीत असा योग मद्रास शहराने, म्हणजे १९९६ पासून ज्याला चेन्नई म्हणतात त्या नगराने, चांगला जुळवून आणला होता. १९४८ साली स्थापन झालेल्या ‘स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया’ या कंपनीचा कारखाना शहराच्या दक्षिणेस वंडलूर येथे होता. इंग्लंडमधील स्टँडर्ड कंपनीच्या मोटारी ती येथे तयार करी. प्रारंभी व्हॅनगार्ड आणि तिच्यामागून लहान गाड्या आल्या, आणि १९६१ पासून ‘स्टँडर्ड हेराल्ड’ निघू लागली. इंग्लंडमध्ये १९५९ साली आलेल्या ट्रायंफ हेराल्डचे हे भारतीय रूप. जोव्हानी मिकेलोत्ती या इटालियन कलावंताने तिला आकार दिला होता. तिच्या रचनेत एक विशेष होता. त्या काळी बहुतेक मोटारींचा सांगाडा आणि कवच एकजीव होऊ लागले असताना हेराल्डची पोलादी चौकट खाली स्वतंत्र होती आणि तिच्यावर कवचाचे भाग सुटे सुटे आणून बोल्टांनी जोडलेले असत. मोटारींची कवचे बनविणारा इंग्लंडमधील एक मोठा कारखाना प्रतिस्पर्ध्याच्या हाती गेल्यामुळे ही वाट धरणे भाग पडले होते. अडचणीतून निघालेल्या या युक्तीचा लाभ असा झाला की मागचा तुकडा बदलला म्हणजे त्याच चौकटीवर निराळी गाडी उभी राही.

मूळ हेराल्डला दोनच दारे होती. मागे बसावयाचे तर पुढच्या आसनाची पाठ वाकवून, अंग चोरून आत शिरावे लागे. नऊवारी लुगडे नेसलेल्या वृद्ध स्त्रीला हे किती अवघड, ते सांगावयास नको. आणि नऊवारी नेसण्याची रीत महाराष्ट्राप्रमाणे मद्रासच्या जुन्या घराण्यांतही होती. कलकत्त्याची अँबॅसडर आणि मुंबईची फियाट या दोन्ही चार दारांच्या गाड्या समोर उभ्या असताना दोन दारांवर निभाव लागेना, तेव्हा १९६० नंतरच्या दशकाच्या मध्यास मद्रासच्या कारखान्याने हेराल्डला चार दारे दिली. १९६८ साली तिची ‘मार्क ३’ ही आवृत्ती आली आणि तिच्यावरच बेतलेली पाच दारांची वॅगनही निघाली. तिचे नाव ‘कंपॅनियन’. दोघींचे एंजिन तेच, ९४८ घनसेंटिमीटरचे. मूळ इंग्रजी वॅगनला बाजूची दोनच दारे होती. चार दारे अधिक मागचे एक, ही मांडणी मद्रासची.

आता या दोघी बहिणी शेजारी उभ्या केल्या तर पहिली गोष्ट जी दिसते ती बहुतेकांच्या समजुतीविरुद्ध जाते. वॅगनमध्ये मागे बसणाऱ्याला पाय पसरावयास अधिक जागा मिळते असे सर्रास मानले जाते. परंतु पायांची जागा ठरते ती पुढच्या व मागच्या चाकांच्या आसांमधील अंतरावरून, आणि चौकट एकच म्हटल्यावर हे अंतरही एकच. मूळ हेराल्डमध्ये ते ९१½ इंच होते. मागचे आसन आणखी मागे सरकवू म्हटले तर दोन्ही बाजूंच्या चाकांच्या कमानी आडव्या येतात. छत कितीही लांबवा, गुडघ्यांना त्यातून बोटभरही जागा मिळत नाही. अँबॅसडरच्या मागच्या आसनाची एवढी ख्याती का झाली, याचेही उत्तर येथेच सापडते. तिच्या आसांमधील अंतर ९७ इंच होते, म्हणजे साडेपाच इंच अधिक. शिवाय तिची बैठक उंच होती, त्यामुळे खुर्चीवर बसावे तसे बसता येई आणि गुडघ्यांवर जोर न देता उठता येई. वृद्ध माणसाला पायांपुढील लांबीपेक्षा बैठकीची ही उंची अधिक मोलाची असते.

डोक्यावरील जागेची गोष्ट निराळी. अभियंते ती मोजतात तेव्हा बसलेल्या माणसाच्या कमरेच्या सांध्यापासून एक रेषा, उभ्या रेषेच्या आठ अंश मागे कललेली, छतापर्यंत नेतात. सेडानचे छत नेमके त्या ठिकाणी मागच्या काचेकडे उतरू लागलेले असते. वॅगनचे सरळ पुढे जाते. म्हणून उंच माणसाला, अथवा टोपी-फेटा घालणाऱ्याला, वॅगनमध्ये मान ताठ ठेवून बसता येते. हे सुख खरेच आहे. मात्र वॅगन ते एका हाताने देते आणि दुसऱ्या हाताने काही काढून घेते. सामानासाठी मागचे आसन मिटवून सपाट करता यावे लागते, आणि जे आसन मिटवावयाचे त्याची गादी जाड ठेवून चालत नाही. त्याची पाठ आखूड, थोडी अधिक उभी आणि पातळ ठेवावी लागते. सेडानच्या आसनाला असे कोणतेही बंधन नसते. ते एकदा बसविले की बसविले, आणि त्यात हवी तेवढी भर घालून ते मऊ करता येते. मद्रासहून तंजावर हा सुमारे ३४० किलोमीटरांचा रस्ता आहे. पहिल्या पन्नास किलोमीटरांत डोक्यावरील मोकळीक आवडते; पुढील दोनशेंत पाठीमागील गादी आठवू लागते.

तंजावरचे नाव आले ते सहज नव्हे. भोसल्यांच्या राज्याबरोबर तिकडे गेलेल्या आणि पुढे मद्रासला स्थिरावलेल्या मराठी घराण्यांचा हा नेहमीचा रस्ता. आणि तंजावर म्हटले की वीणा आलीच. तेथील वीणा फणसाच्या लाकडाची असते. लांबीला चार फुटांहून थोडी अधिक, एका टोकाला मोठा कुंभ, दुसऱ्या टोकाकडे लहान भोपळा. मार्गशीर्षात, म्हणजे इंग्रजी डिसेंबरात, मद्रासच्या सभागृहांतून गायन-वादनाचा जो महोत्सव चालतो त्या दिवसांत वीणा, तंबोरे आणि मृदंग रोज या सभेतून त्या सभेत जात असतात. लहान सेडानमध्ये वीणा न्यावयाची म्हणजे काय होते? डिकीचा आकडा पाहावा तर जागा भरपूर. पण चाकांच्या कमानी, वरून येणारे बिजागऱ्यांचे बाक आणि उघडणाऱ्या तोंडाची अरुंदी यांतून चार फुटांची, दोन्ही टोकांना फुगलेली वस्तू आत जात नाही. मग ती मागच्या आसनावर आडवी झोपविली जाते, आणि तिच्यासाठी दोन माणसांना रिक्षा करावी लागते. वॅगनमध्ये मागचे दार उघडले की ती सरळ आत सरकते.

डिकीच्या आकड्यांचा हा फसवेपणा कशातून येतो, तेही सांगण्याजोगे आहे. सामानाची जागा लिटरांत सांगतात, पण तीत पाणी ओतून कोणी पाहत नाही. पुष्कळ देशांत प्रचलित असलेल्या पद्धतीत २०० मिलिमीटर लांब, १०० रुंद आणि ५० जाड असे ठोकळे, म्हणजे प्रत्येकी बरोबर एक लिटरचे, जितके रचता येतील तितके रचून मोजतात. इतके लहान ठोकळे कोनाकोपऱ्यांतही शिरतात. ट्रंक शिरत नाही. शिवाय वॅगनचा आकडा काही वेळा खिडकीच्या खालच्या कडेपर्यंतचा असतो, तर काही वेळा थेट छतापर्यंतचा. दोन गाड्यांचे आकडे शेजारी ठेवण्यापूर्वी ते कोठवर भरून काढले आहेत हे विचारलेच पाहिजे. याहून सोपा उपाय म्हणजे घरातील सर्वांत अवघड वस्तू, मग ती चाकांची खुर्ची असो, मुलाची सायकल असो वा वीणा असो, बरोबर घेऊन जावे आणि प्रत्यक्ष ठेवून पाहावे.

मद्रासच्या हवेत आणखी एक प्रश्न उपस्थित होतो तो उन्हाचा. मे महिन्यात तेथे ज्याला ‘अग्निनक्षत्र’ म्हणतात तो काळ येतो. ३१ मे २००३ या दिवशी शहरात ४५ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले होते. उन्हाचे किरण काचेतून सहज आत येतात, आतील गाद्या तापतात, आणि त्या तापलेल्या वस्तूंची उष्णता त्याच काचेतून तितक्या सहजतेने बाहेर पडत नाही. बंद उभ्या केलेल्या गाडीतील हवा तासाभरात बाहेरच्यापेक्षा सुमारे वीस अंशांनी अधिक तापू शकते ती यामुळेच. वॅगनला काच अधिक, म्हणून तापही अधिक. मागे ठेवलेले सामान उघड्या उन्हात ठेवल्यासारखेच असते. सेडानच्या डिकीत ऊन शिरत नाही, परंतु पोलादी झाकण तापते आणि आत वारा नसतो. वीणेचे चोवीस पितळी पडदे मेणाच्या थरात बसविलेले असतात. हे मेण मऊ पडले की पडदे जागचे हलतात आणि वीणा सुरातून जाते. म्हणून जाणते वादक उभ्या गाडीत वाद्य ठेवून जेवायलासुद्धा जात नाहीत, मग ती गाडी कोणत्याही घाटाची असो. गाडी चालू असतानाचा हिशेब पुन्हा वेगळा. वातानुकूलन असेल तर सेडानमध्ये केवळ माणसांच्या दालनातील हवा गार करावी लागते. वॅगनमध्ये सामानाच्या माथ्यावरील रिकामी जागाही गार करावी लागते, आणि ती गार होईपर्यंत मागे बसलेल्यांना वाट पाहावी लागते.

आवाजाच्या बाबतीत सेडानचे पारडे निःसंशय जड आहे. तिच्या मागच्या आसनापाठीमागील पडदा आणि त्यावरची फळी यांनी चाकांचा घरघराट डिकीतच अडतो. त्याच पडद्याने सांगाड्याला आडवा आधार मिळतो, त्यामुळे खड्ड्यांतून जाताना तो कमी पिळवटतो. वॅगनच्या मागे मोठे भोक आणि त्यावर दार. सारे दालन एखाद्या ढोलासारखे घुमते. वॅगनला आणखी एक व्याधी आहे, आणि कच्च्या रस्त्यांच्या देशात ती लहान म्हणता येणार नाही. उभ्या कापलेल्या मागच्या टोकामुळे धावत्या गाडीच्या पाठीमागे हवेचा दाब कमी होतो. तेथे भोवरा तयार होतो, आणि तो उडालेली धूळ व एंजिनाचा धूर पुन्हा गाडीकडे ओढून घेतो. म्हणून वॅगनची मागची काच सर्वप्रथम मळते. लांब सामानासाठी मागचे दार अर्धवट उघडे ठेवून, दोरीने बांधून गाडी हाकण्याची सवय तर थेट प्राणघातक आहे. कारण धुराबरोबर आत येणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही आणि वास नाही. मागे झोपलेले मूल झोपलेच आहे की बेशुद्ध पडले आहे, हे पुढे बसलेल्याला कळत नाही.

गाडीच्या झोक्यांकडे पाहिले तर घाटापेक्षा बैठकीचे स्थान महत्त्वाचे ठरते. पुढच्या व मागच्या आसांच्या मध्यावर बसणाऱ्याला धक्के सर्वांत कमी लागतात. चाकावर बसणाऱ्याला अधिक. आणि चाकाच्याही मागे बसणाऱ्याला सर्वांत अधिक. गाडीचे नाक खाली-वर होऊ लागले म्हणजे तो झोपाळ्याच्या टोकाशी बसल्यासारखा उचलला जातो. माणसाचे शरीर सेकंदाला चार ते आठ वेळा होणाऱ्या उभ्या कंपनांना फार संवेदनशील असते. याउलट फार संथ, पाच-सहा सेकंदांनी एक अशा झोक्यांनी मळमळ सुटते. वॅगनच्या मागच्या स्प्रिंगा ओझे गृहीत धरून ताठ केलेल्या असतात. त्यामुळे रिकामी वॅगन उडते आणि भरलेली शांत चालते. सेडान एकट्या-दुकट्याला सुखाने नेते, पण डिकी गच्च भरली की मागे बसते आणि तिचे दिवे झाडांच्या शेंड्यांवर पडू लागतात.

या साऱ्यांत ज्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते तो प्रश्न सामान आणि माणूस यांच्यामधील भिंतीचा आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी कशावर आदळली तर आतील मोकळ्या वस्तूची गत सुमारे चौदा मीटर उंचीवरून, म्हणजे चार मजली इमारतीच्या गच्चीवरून, पडलेल्या वस्तूसारखी होते. गाडी सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली असे धरले तर वीस किलोंची ट्रंक सुमारे ३४० किलोंच्या भाराने पुढे झेपावते. सेडानमध्ये ती आसनामागील पडद्याला धडकते. वॅगनमध्ये आसनाच्या पाठीपेक्षा उंच रचलेल्या सामानाला अडविणारे काहीच नसते, मागे बसलेल्यांची डोकी सोडून. म्हणूनच वॅगनमध्ये जड वस्तू तळाशी, आसनाच्या पाठीला टेकवून ठेवाव्यात आणि बांधाव्यात, वर जाळी ताणावी. आपल्याकडे लग्नाच्या वऱ्हाडातील गाडी पाहिली तर नेमके उलट आढळते. खाली गाद्या-उशा आणि सर्वांत वर पितळी भांड्यांची पेटी!

कंपॅनियन फारशी रस्त्यांवर दिसली नाही. हेराल्डच्या जागी आलेली गझेल १९७७ पर्यंत चालली. त्याच कंपनीने १९८५ साली काढलेली ‘स्टँडर्ड २०००’ ही गाडी दिसावयास सेडानसारखी असून तिला मागे उघडणारे दार होते. ती १९८८ साली थांबली. पुढे टाटांची ‘इस्टेट’ १९९२ मध्ये आली, ‘इंडिगो मरिना’ २००४ मध्ये आली. पण वॅगनने भारतात मूळ धरले नाही. कारण सुखाचे नव्हते, प्रतिष्ठेचे होते. रुग्णवाहिका आणि शववाहिका याच घाटाच्या असत. मागे शेपटी असलेली गाडी तीच साहेबाची गाडी, अशी समजूत घट्ट बसली होती. मेण्याची ओढ कमी झाली नव्हती.

आणि तरीही आज चेन्नईच्या आसपासच्या कारखान्यांत तोच जुना हिशेब नव्या नावांनी मांडला जात आहे. २००६ पासून चार मीटरांहून आखूड असलेल्या छोट्या गाड्यांना करात सवलत मिळू लागली, आणि अभियंत्यांना त्या चार मीटरांतच सारे बसवावे लागले. श्रीपेरुंबुदूरजवळ ह्युंदाईने ग्रँड आय १० निऑस ही मागच्या दाराची गाडी आणि ऑरा ही तिची सेडान बहीण काढली. दोघींच्या आसांमधील अंतर एकच, २४५० मिलिमीटर. सामानाची जागा निऑसमध्ये २६० लिटर, ऑरामध्ये ४०२. सेडानचा वाढलेला भाग सर्वच्या सर्व मागच्या आसनामागे आहे. गुडघ्यांच्या वाट्याला त्यातील काही येत नाही. हेराल्ड आणि कंपॅनियन यांची कथाच ही, फक्त उलटी सांगितलेली. ओरगडम येथील कारखान्यातून २०१९ साली आलेली रेनॉची ट्रायबर तर याच चार मीटरांत सात माणसे बसविते. तिसरी रांग काढून ठेवली तर सामानाला ६२५ लिटर जागा मिळते. तिसऱ्या रांगेत माणसे बसली की उरते ८४ लिटर, म्हणजे एका मध्यम बॅगेपुरती. ती रांग मागच्या चाकांवर आहे आणि तिची डोकी मागच्या काचेपासून हातभर अंतरावर येतात. कुटुंब सहलीस निघाले की तेथे सहसा मुलांना बसवितात, कारण ती कुरकुर न करता आत शिरतात.